खिडकीवरचा कागद

"कुठलं झाड, काका?"

शिल्पाने एवढंच विचारलं आणि प्रदीप भोईर टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्याचा तो माळा. खाली शिल्पाच्या वडिलांनी साच्यातून काढलेले पांढरे गणपती दाटीवाटीने सुकत बसलेले आणि वर शिल्पाच्या कागदांचा पसारा. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, पतंगाचे कागद, साड्यांच्या खोक्यांतले कागद, कुणाकुणाच्या वाढदिवसाचे चकचकीत कागद, सगळे रंगारंगाने वेगळे लावलेले. तेच कापून, फाडून, चिकटवून ही मुलगी झाडं, पाखरं, नदीचा काठ असं काय काय उभं करायची. भिंतीला टेकवलेल्या एका चित्रात खंड्या बसला होता. प्रदीप आल्या आल्या त्याला बोट लावायला गेला होता आणि शिल्पाने "हां हां, ओला आहे!" असं ओरडून त्याला थांबवलं होतं.

"झाड म्हंजे... झाडच गो, बाय. मोठंसं," प्रदीप म्हणाला.

"मोठी सगळीच असतात. वड, आंबा, शिरीष. पान कसं होतं त्याचं? फुलं यायची का?"

"आमच्या खिडकीच्या मागं व्हतं ना, ते."

शिल्पा हसायलाच लागली. "अहो काका, मी कधी आलेय तुमच्या खिडकीमागे?"

आता हिला काय सांगणार? रोह्याजवळच्या वरसे गावात स्वतःचं घर बांधून तिथेच प्रदीपची हयात गेली. पण त्या झाडाला फुलं यायची की नाही हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. पान कसं होतं तेही माहीत नव्हतं. झाड होतं एवढं मात्र नक्की, कारण ते पाडलं त्या दिवशी तो राणीकडे, म्हणजे लेकीकडे, पेणला आला होता आणि संध्याकाळी घरी परतला तेव्हा बायकोने कच्चा भात वाढला होता. सरूचा भात कच्चा! त्याने विचारलं, तर ती म्हणाली, "झाड पाडलं आज मागचं." यावर प्रदीपने भात चिवडत विचारलं होतं, "कुठलं झाड?"

सरूने त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं आणि आमटी वाढली होती.

आज तोच प्रश्न शिल्पाने विचारला तेव्हा प्रदीपला ती आमटी आठवली.

"बरं, विचारून सांगा," शिल्पानेच त्याची सुटका केली. "घाई नाही. आणि येताना घरचा एक कागद घेऊन या."

"कसला कागद?"

"कुठलाही. जुना, घरात वावरलेला. गणपती सांगायला येताना लोक घरचा पाट आणून देतात की नाही? मूर्ती आमची, पाट त्यांचा. बाबा पाट आल्याशिवाय त्या गणपतीला हात लावत नाहीत. माझंही तसंच. तुमच्या घरचा कागद आला की चित्राला सुरुवात."

प्रदीपने मान डोलावली. हे त्याला पटलं. भाव करायचा नाही, असं राणीने फोनवर बजावलं होतं, तेव्हा तोही विषय संपला. तो जिना उतरला आणि खालच्या सगळ्या गणपतींना मिळून एकच नमस्कार करून एसटी स्टँडकडे निघाला.

आता हे चित्राचं खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून? तर दाढेतून. सरूची दाढ दुखत होती म्हणून राणीने आईला पेणच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, बरोबर प्रदीप. दवाखान्याच्या भिंतीवर शिल्पाचं एक चित्र होतं: ओढ्याकाठचा केवडा आणि त्यात पाणकोंबडी. सरू गालाला हात लावून त्या चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. आतून नाव पुकारलं तर म्हणाली, "थांबा वाईच." सगळा दवाखाना हसला. दाढ ठणकत असताना माणसाला चित्र दिसतं, ही गोष्ट प्रदीपला नवीन होती. परत येताना गाडीत तोंडात कापसाचा बोळा धरून ती म्हणाली, "कागदाचं व्हतं हो सगळं. पानं बी." मग गडब मागे पडलं, वालाची शेतं आली आणि खिडकीबाहेर बघत ती पुटपुटली, "असं एक घरात असावं."

सरूने लग्न झाल्यापासून काही मागितलेलं प्रदीपला आठवत नव्हतं. ही मुखदुर्बळ बाई होती असं नाही हां. भाजीवाल्याशी बोलायला लागली तर भाजीवाला हात जोडायचा. पण स्वतःसाठी काही मागायचं हे तिला सुचतच नसे. त्यामुळे ते वाक्य प्रदीपच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. चित्र आणायचं आणि आणायचं तर मागच्या झाडाचंच आणायचं, हे त्याने गाडीतून उतरेपर्यंत ठरवून टाकलं. सरूला मात्र ताकास तूर लागू द्यायची नव्हती.

प्रदीपचं आयुष्य सांगायचं तर एका ओळीत संपतं: धाटावच्या कंपनीत बॉयलरवर रात्रपाळी. इतरांच्या पाळ्या फिरायच्या. प्रदीपने रात्रपाळी मागून घेतली होती, कारण ती कुणालाच नको असायची आणि तिचे चार पैसे जास्त मिळायचे. त्यातूनच घर झालं, राणीचं शिक्षण झालं. बॉयलरवर डुलकी लागली तर काय होऊ शकतं ते सरूने नवरोबांकडून एकदाच ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिने त्याच्या दिवसाच्या झोपेवर पहारा ठेवला. झोपायच्या खोलीच्या खिडकीला कंपनीतून आणलेला जाड खाकी कागद चिकटवला आणि भरदिवसा रात्र करून टाकली. त्या घरात दिवसा कुकरची शिट्टी कधी वाजली नाही. वाजायच्या आत सरू तो फडक्याने धरून खाली उतरवायची. राणी लहानपणी भातुकली खेळायची तीसुद्धा खुणांनी. बोहारीण गल्लीत शिरली की दबकत चालायची. कंपनीतले लोक प्रदीपला "कुंभकर्ण" म्हणायचे, त्याचं त्याला काही वाटायचं नाही. उलट तो सांगायचा, "माझी झोप मी नाय झोपत, माझी बायको राखते."

निवृत्त होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, तरी खाकी कागद होता तिथेच होता. काढायचं कुणाला सुचलंच नाही. आणि काढून उपयोग काय? मागच्या मोकळ्या प्लॉटवर आता तीन मजली इमारत उठली होती. तिची गुलाबी भिंत हात लांबवला तर लागली असती.

दुसऱ्या दिवशी प्रदीपने तपास सुरू केला. शेजारच्या इंदुबाई ओटीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांना वरशात येऊन फार दिवस झाले नव्हते, पण त्यांना ठाऊक नाही अशी गोष्ट गावात नव्हती.

"वहिनी, मागं झाड व्हतं ते कसलं गो?"

"शिरीष," इंदुबाई ठासून म्हणाल्या. "वाऱ्याला शेंगा खुळखुळ वाजायच्या. आमच्या ह्यांना झोप नाय लागायची."

नाक्यावर काळुराम रिक्षावाला भेटला. "शिरीष? काय बोलतो प्रदीपशेट! पांगारा व्हता पांगारा."

"पांगारा तो शाळंजवळ," केस कापणारा दुकानातून ओरडला. "तुमच्या मागं भेंड."

"भेंड? तुझ्या डोक्यात भेंड!"

हां हां म्हणता नाक्यावर दोन तट पडले. खुर्चीत बसलेलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच साबण लावून बाहेर आलं आणि म्हणालं की तिथे कधी झाडच नव्हतं. प्रदीपने हळूच काढता पाय घेतला. हे भांडण असंच वाढलं तर संध्याकाळपर्यंत सरूच्या कानावर जाणार, हे त्याला दिसत होतं.

त्याने राणीला फोन लावला.

"मला काय विचारता बाबा?" राणी म्हणाली. "खिडकी कधी उघडी बघितलीय का मी? आईलाच विचारा की सरळ."

"तिला विचारलं तर मग काय मजा?"

"आणि चित्रात आंब्याऐवजी फणस निघाला की येईल ती मजा?" राणी हसत सुटली. पोटची पोर, पण टिंगल करायची संधी सोडेल तर शपथ.

चार दिवस तसेच गेले. प्रदीप घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. शेवटी झाड सापडलं ते अंथरुणातच.

दुपारची वेळ. प्रदीप जेवून आडवा झाला आणि त्याच्या उशीची शिवण उसवली. पंखा चालू होता. बघता बघता कापसाचे पुंजके खोलीभर उडायला लागले.

"सरू! अगो सरू, धाव!"

सरू हात पुसत आली. "अवो पंखा! आदी पंखा बंद करा!"

पंखा बंद झाला तरी कापूस काही खाली येईना. इतका हलका. सरू पदर पसरून पुंजक्यांच्या मागे, प्रदीप टोपी घेऊन तिच्या मागे. कपाटावर, आरशावर, देवांच्या फोटोंवर कापूसच कापूस. एक पुंजका प्रदीपच्या मिशीत अडकला आणि ते बघून सरू पलंगावर बसून पोट धरून हसायला लागली.

"हा कसला गो असला कापूस? हातात थांबत नाय."

"कसला म्हंजे? सावरीचा."

"कुठल्या सावरीच्या?"

"आपल्या. मागच्या." सरूने मिशीतला पुंजका चिमटीत धरून काढला. "शिमग्याच्या आदी पानं झडायची नि सगळी लालेलाल व्हायची. साळुंक्या काय, बुलबुल काय, तांबट काय, नुसता बाजार भरायचा. मग बोंडं फुटली की सगळ्या अंगणात कापूस. पदरात गोळा करायची मी. घरातल्या सगळ्या उशा त्याच्याच हायत."

"मग मला कसं नाय दिसलं?"

"तुमी झोपलेलात."

"सगळं साल?"

"आनि काय!" सरूला आता रंग चढला. "एकदा होळीला पोरं कुऱ्हाडी घेऊन आली. सावरच लागते ना त्यांना होळीला. मी कोयता घेऊन उभी राहिले आडवी. बोलले, माझ्या झाडाला हात लावाल तर याद राखा."

"तू? कोयता?"

"व्हय मी! ओरडले मातर नाय. तुमी झोपलेलात ना. हळू आवाजात शिव्या घातल्या."

ती पुन्हा हसली, सुई-दोरा घेऊन बसली आणि उशीत झाड परत कोंबायला लागली. प्रदीप तिच्याकडे बघत राहिला. ज्या झाडाकडे आपण जन्मभर पाठ केली त्याच्यावरच डोकं ठेवून झोपत होतो, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्याने थोडा कापूस उगाच खिशात टाकला.

झाड मिळालं. राहिला कागद. प्रदीपने घरभर शोधलं. स्वतःची लग्नपत्रिका काढली, तर ती कसरीने खाल्लेली. कंपनीने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं मानपत्र काढलं, पण त्यावर साहेबाचा फोटो होता. साहेबाला फाडून झाडाच्या फांद्या करायच्या हे काही त्याला बरं वाटेना. मग तो पलंगावर बसला आणि समोर खिडकीवरचा खाकी कागद दिसला. उन्हाने भाजून, दमट हवेने सुरकुतून तो अगदी झाडाच्या सालीसारखा झाला होता. यापेक्षा घरात वावरलेला कागद दुसरा कुठला असणार!

सरू हळदीकुंकवाला गेली तेव्हा त्याने काम उरकलं. कडा पाण्याने भिजवून कागद अख्खाच्या अख्खा सोडवला. मधोमध एक मोठी लाल टिकली चिकटलेली होती, तशी ती नेहमीच असायची. बायका आरशाला लावतात, दाराला लावतात, तशीच ही, असं त्याला वाटायचं. कागदाची गुंडाळी त्याने पलंगाखाली सरकवली आणि खिडकीला वर्तमानपत्र डकवून टाकलं.

सरू आली, वाण ठेवायला खोलीत गेली आणि दारातच थांबली.

"ह्ये काय?"

"जुना झाला व्हता. बदलला."

"नि त्यो कुठं टाकलात?"

"रद्दीत दिला," प्रदीप बेधडक खोटं बोलला.

वाण हातात तसंच धरून ती खिडकीकडे बघत होती. मग स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. मग आणखी एक. प्रदीप दचकून उठून बसला. त्या घराच्या भिंतींनी असला आवाज कधी ऐकला नव्हता. सरू चिडली होती, आणि नुसती चिडली असती तरी चाललं असतं. जेवताना तिचे डोळे लाल दिसले. एका कागदासाठी एवढं काय झालं, हे त्याला कळेना. सांगून टाकावं असं शंभरदा ओठांवर आलं, पण त्याने गिळलं.

दुसऱ्याच दिवशी तो गुंडाळी घेऊन पेणला पळाला.

शिल्पाने जमिनीवर कागद उलगडला आणि तिचा चेहरा खुलला. "काका! अहो, हा तर आयता बुंधा आहे! असा रंग मला घोटून घोटून आला नसता." ती त्याच्यावरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता टिकलीशी तिचं बोट अडलं. तिने ती अलगद उचलली.

खाली वाटाण्याएवढं गोल भोक होतं.

"हे काय?"

"फाटलं असंल," प्रदीप म्हणाला.

शिल्पाने कागद उजेडासमोर धरला. भोकाची कड गुळगुळीत होती, बोटांनी मऊ झालेली. भोवताली गोंदाची वर्तुळं होती, एकात एक, किती टिकल्या काढल्या नि लावल्या असतील त्याची गणतीच नाही. शिल्पाने एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा प्रदीपकडे.

"काका, काकू उंचीला केवढ्या आहेत?"

"माझ्या खांद्याला लागते." त्याने हात करून दाखवला आणि तो हात तसाच हवेत राहिला. खिडकीवर ती टिकली त्याच्या जराशी खाली, बरोबर सरूच्या डोळ्यांच्या उंचीवर असायची.

आता त्याला सगळं समजलं. हा झोपला की ती टिकली काढायची आणि डोळा लावायची. साळुंक्या, बुलबुल, तांबट सगळे बघायची. मग टिकली परत लावून टाकायची, उजेडाची एक काडीसुद्धा नवऱ्याच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून. आणि झाड गेलं, समोर भिंत आली, तरी टिकली जागेवर होती. तो कागद आपण रद्दीत दिला, असं तिला सांगून आपण इथे आलो आहोत!

प्रदीपचे डोळे भरून आले. "गोंदाचा वास लई लागतो गो तुझ्या," असं म्हणत त्याने रुमाल काढला.

"हो, लागतो," शिल्पा म्हणाली. तिथे वाटीत होती ती साधी गव्हाची खळ, पण मुलगी समजूतदार होती.

"बाय, ते भोक बुजवू नको हां."

"बुजवते कशाला? मागच्या पुठ्ठ्यालाही तिथेच आरपार पाडते." तिने टिकली एका कोऱ्या कागदावर चिकटवून जपून बाजूला ठेवली. "आणि चित्राला काच नको, ना?"

"नको, नको. काच नको."

चित्र तयार होईपर्यंतचे दिवस प्रदीपला फार जड गेले. सरू बोलत होती, चालत होती, भाकऱ्या थापत होती. पण खिडकीवरच्या नव्या वर्तमानपत्राला तिने टिकली लावली नाही. आता प्रदीप रोज बघायचा. नाही ती नाहीच. ती त्या खिडकीसमोरून जायची ती परक्याच्या दारावरून जावं तशी, मान वळवायचीसुद्धा नाही. दुपारी तो पडला की कुकर शिट्ट्या मारायचा.

शेवटी शिल्पाचा फोन आला. प्रदीप पोचला तेव्हा चित्र जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून तयार होतं.

"बघू तरी."

"छे! गणपती घरी जाईपर्यंत त्याचं तोंड उघडतात का कधी? घरी काकूंनीच काढायची चादर."

पेणच्या कारखान्यातली मुलगी, तिच्याशी कोण वाद घालणार? प्रदीपने डोक्यावर टोपी घातली, चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि रोह्याच्या गाडीत चढला. बसायला जागा मिळाली, पण चित्र मांडीवर मावेना. शेजारच्या माणसाने चादर बघितली, स्टँड बघितला आणि चटकन उठून उभा राहिला. "ठेवा, ठेवा. देवाला बसू द्या." प्रदीप काही बोलायच्या आत मागून कुणीतरी "मोरया!" केलं. गाडीतल्या निम्म्या लोकांनी हात जोडले. गडबला एक म्हातारी वालाच्या शेंगांची पाटी घेऊन चढली. तिने पाटीतलं झेंडूचं फूल काढून चादरीवर ठेवलं आणि प्रदीपकडे बघून मान हलवली.

"माघीचा गणपती ना? लई उशीर केलाव. माघी झाली कवाची."

प्रदीपला राहवेना. फुकटचा नमस्कार किती घेणार? "मावशी, हा गणपती नाय गो."

"मग कोन हाय?"

"झाड हाय."

"झाड?" म्हातारी डोळे फाडून बघत राहिली. "नि त्याला सीट?"

गाडी हसून हसून लोटपोट झाली. कंडक्टर म्हणाला, "झाडाचं अर्धं तिकीट काढू का?" जो माणूस उठून उभा राहिला होता त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रदीप चित्र उचलायला लागला, तशी म्हातारीनेच त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रं. बसू दे झाडाला. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन दमलं असंल."

नागोठणं आलं, गेलं. झाड खिडकीशी बसून रोह्याला आलं.

घरी सरू वाल सोलत बसली होती. प्रदीपने चित्र पलंगावर टेकवून ठेवलं. बाहेरच्या खोलीत त्याने सकाळीच एक मजबूत खिळा ठोकून ठेवला होता. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. हा माणूस पेटत्या बॉयलरसमोर कधी घाबरला नव्हता, आणि आता चादरीत काय निघेल या विचाराने त्याची गाळण उडाली होती.

"सरू, जरा इकडं ये. ही चादर सोड."

"कसली चादर? माझ्या हाताला वाल हायत."

"धू नि ये. तूच सोडायची. तशी रीत हाय."

सरू हात धुऊन आली. सुतळी सोडली, चादर बाजूला केली.

चित्र दोघंही पहिल्यांदाच बघत होती. खाकी बुंधा चौकटीच्या तळापासून वर चढत गेलेला, त्याच्यावर पीळ दिलेल्या कागदाचे काटे. फांद्या आडव्या पसरलेल्या, पान एकही नाही आणि नुसती फुलं. लग्नपत्रिकांच्या लाल कागदांची, कुठे कुठे पाकळीच्या कडेला सोनेरी शाई चमकणारी. साळुंक्या भांडत होत्या, एक बुलबुल फुलात तोंड खुपसून बसला होता.

अस्सं होतं होय ते, प्रदीप मनात म्हणाला.

"ही... आपली सावर?" सरूने विचारलं.

"मग कुनाची?"

सरू जवळ गेली. आणि पहिलं काय बोलली असेल? "ही फांदी इतकी वर नव्हती हो. खाली होती, आपल्या कौलावर यायची. नि ही साळुंकी इथं कशाला बसंल? इथं तांबट असायचा. साळुंक्यांना तो येऊच द्यायचा नाय." ती हसत होती, बोलत होती आणि डोळे पुसत होती. "सांगायचंत तरी मला! मी सांगितलं असतं त्या पोरीला नीट."

"तुला सांगितलं असतं तर तू नको बोलली असतीस."

"नकोच बोलली असते." तिने बुंध्यावर हात ठेवला, आणि तिचा हात थांबला. तो कागद तिने ओळखला. बोटांनी ओळखला. ती हळूहळू हात वर नेत गेली. तिच्या डोळ्यांच्या उंचीला, बुंध्याच्या ढोलीच्या जागी, एक मोठी लाल टिकली होती. फुलांतलंच एखादं फूल गळून बुंध्यावर अडकावं तशी.

सरूने टिकलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "रद्दीत दिला बोललात."

"खोटं बोललो."

"बाहेर नको लावायला. हितंच लावा. खिडकीवर."

प्रदीपने वर्तमानपत्र ओरबाडून काढलं, बाहेरचा खिळा उपटून आणला आणि खिडकीच्या चौकटीवर ठोकला. झाड पुन्हा आपल्या जागी गेलं. खोलीत पूर्वीसारखाच अंधुक उजेड झाला. दुपार कलायला लागली होती, आणि एसटीच्या धक्क्यांनी त्याचं अंग आंबलं होतं. तो पलंगावर आडवा झाला. डोक्याखाली सावरीची उशी होती.

सरू चित्रासमोरच उभी होती. तिचा हात टिकलीकडे गेला आणि वाटेतच थबकला. मग जन्मभराच्या सवयीने, नवरा झोपलाय ना हे बघायला, तिने मान वळवून मागे पाहिलं.

प्रदीप टक्क जागा होता. त्याने पटकन डोळे मिटले. नुसते मिटलेच नाहीत, वर बारीक घोरायलाही लागला.

"झोपलात काय हो?" सरूने हळूच विचारलं.

तो घोरत राहिला. मग त्याला टिकली सुटल्याचा बारीकसा आवाज आला आणि सरूच्या बांगड्या खिडकीच्या चौकटीला टेकल्या. पलीकडे त्या इमारतीची गुलाबी भिंत होती, हे दोघांनाही माहीत होतं. सरू तिथे खूप वेळ उभी होती. स्वयंपाकघरात चढवलेला कुकर फुरफुरायला लागला, तशी ती फडकं घेऊन लगबगीने आत गेली आणि शिट्टी व्हायच्या आत तिने तो खाली उतरवला.